कमानीखालचं पाणी

पुरानंतर वर्षभर आमचं कॉलेज लग्नाच्या मुहूर्तांवर चाललं. पंचांगात तिथी असली की सुट्टी, नसली की वनस्पतिशास्त्र. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. अंबड तालुक्यातल्या एका कॉलेजात माझी उमेदीची वर्षं गेली. विद्यापीठाचं वेळापत्रक एका हातात आणि पंचांग दुसऱ्या हातात धरून तास लावायची पाळी माझ्यावर येईल असं कुणी आधी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आमचं जुनं कॉलेज नदीकाठी होतं. नदी म्हणायची ती पावसाळ्यापुरती. एरवी तिच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळायची. त्या भाद्रपदात ती एका रात्रीत आत शिरली. पाणी ओसरल्यावर गेलो तेव्हा प्रयोगशाळेत गुडघाभर गाळ होता. वाळवून कागदावर चिकटवलेले झाडांचे नमुने, माझ्या आधीच्या सरांपासून जमवलेले, कपाटात भिजून त्यांचा लगदा झाला होता. मी त्या कपाटासमोर उभी राहून रडले. रडू आवरल्यावर चिडले, आणि तेव्हापासून चिडलेलीच आहे.

भिंतींना तडे गेले होते. खाली काळी माती. ती फुगली, आणि इमारत वापरायची नाही असं इंजिनियरने सांगितलं. मग विद्यापीठाकडून पत्र आलं. नुकसानभरपाईसाठी प्रयोगशाळेचे फोटो पाठवा, पुराआधीचे आणि पुरानंतरचे. पुराआधी कपाटाचे फोटो कोण काढून ठेवतं? प्राचार्यांनी मात्र मला गंभीरपणे विचारलं, "मॅडम, मोबाईलमध्ये एखादा असंल बघा. वाढदिवसाबिढदिवसाचा. मागं कपाट आलं असंल." होता, आणि तोच पाठवला. माझ्या तोंडाला केक लागलेला आणि मागे अर्धं कपाट.

अशा वेळी धावून आले ते आमच्या संस्थेचे अध्यक्ष. त्यांचं घराणं मूळचं राजस्थानचं, पण सरकी आणि बियाण्यांच्या व्यापारात इथे इतक्या पिढ्या गेल्या, की राजस्थान फक्त त्यांच्या स्वयंपाकघरात उरलं होतं. सगळे त्यांना शेठजी म्हणत. वय झालेलं, पांढरं धोतर, आवाज खणखणीत. त्यांनी स्वतःचं मंगल कार्यालय कॉलेजला फुकट दिलं. माणूस मनाने मोठा, हे मी रागातसुद्धा मान्य करते. अट एकच.

"तिथी असंल त्या दिवशी जागा मोकळी करून द्यायची. लोकांनी वर्ष-वर्ष आधी तारखा घेतल्यात. मी त्यान्ला न्हाई म्हणू शकत न्हाई."

तर असं आमचं कॉलेज सुरू झालं. स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या होत्या, त्यातली एक प्राचार्यांनी घेतली. दुसरीवर कुणी बसेना. फळा ठेवला तो थर्माकोलच्या 'शुभविवाह' या अक्षरांना टेकवून. माझी प्रयोगशाळा स्वयंपाकघरात. तिथे कडप्प्याचे ओटे होते, नळ होता, मोरी होती. खरं सांगायचं तर आमच्या जुन्या प्रयोगशाळेपेक्षा बरी सोय होती. फक्त लग्नाच्या दिवशी सूक्ष्मदर्शक उचलून शेजारच्या पिठाच्या गिरणीत नेऊन ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचे. परत आणले की भिंगांवर गिरणीचं पीठ, आणि त्यावर ओट्यांवरच्या मसाल्याचा तेलकट थर. तुळशीचं लग्न झालं, तिथी दाटल्या, आणि आमच्या तासांचं भिजत घोंगडं पडलं.

ते सूक्ष्मदर्शक पुसायची एक मुलगी. शेवटच्या वर्षाची, जांब समर्थच्या पुढच्या एका गावची. पुराच्या गाळातून ते बाहेर काढले तेव्हाही तीच दात घासायच्या ब्रशने एकेक स्क्रू साफ करत बसली होती. पहाटेची एसटी पकडून यायची, फाट्यावर उतरून चालत यायची, आणि कार्यालय लग्नात असलं की बाहेर लग्नाची पाटी वाचून तशीच परत जायची. एकदा मी तिला रागावले, अगं, आदल्या दिवशी फोन करून विचारत जा.

"मॅडम, फोन पप्पाकडं राह्यतो. अन् सुट्टी हाय म्हणलं की पप्पा म्हणतेत, तुमच्या कॉलेजला सुट्टीच राह्यती, मंग जातीच कशाला?"

तिच्या वडिलांना मी एकदा भेटले होते. घरची शेती, माणूस शांत, पण शब्द पक्का. तिला स्थळं यायला लागली होती आणि ते ती थांबवून धरत होते. डिग्री हातात येऊ द्या, मग बघू. पण डिग्री इथंच. जालन्याला खोली करून ठेवणार नाही, तेवढ्या लांब रोज धाडणार नाही. बाकीच्या पोरींच्या घरीही थोडंफार हेच होतं, पण हिच्या घरी ते अगदी स्पष्ट बोलून झालं होतं.

आणि विद्यापीठाने कळवलं, की मंगल कार्यालयातली प्रयोगशाळा धरली जाणार नाही. कॉलेजच्या स्वतःच्या जागेवर, वाहत्या पाण्याची सोय असलेली प्रयोगशाळा समितीला दिसली पाहिजे. नाही दिसली, तर शेवटच्या वर्षाचं प्रात्यक्षिक आणि विद्यार्थी दोन्ही जालन्याच्या एका कॉलेजला जोडू. समिती परीक्षेच्या आधी येणार होती. म्हणजे नळाला पाणी आलं नाही, तर ती मुलगी संपली. हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की मला झोपेतही नळ दिसायचा.

जागा होती. गावाबाहेर माळावर, नदीपासून लांब, एका शेतकरी कुटुंबाने कॉलेजला दिलेली. जुने जमीनदार लोक. ज्या आजोबांनी जमीन दिली ते वारले होते. नातू शेजारीच मोसंबीची बाग राखून होता. सगळे त्याला दादा म्हणत, मीही म्हणायची, वयाने तो माझ्यापेक्षा लहान असला तरी. पैसेही बऱ्यापैकी जमले होते. माजी विद्यार्थ्यांनी दिले, व्यापाऱ्यांनी दिले. आता त्या पैशांतून आधी काय बांधायचं? कुणीही म्हणेल, दोन खोल्या आणि बोअर. आम्ही आधी कमान बांधली.

आमच्या भागात कमानीचं एक खूळ आहे. वडील गेले की गावाच्या तोंडाशी त्यांच्या स्मरणार्थ कमान. आत गावात गटार नसू दे, शाळेला छप्पर नसू दे, कमान झोकात. शेठजींच्या वडिलांनी जुनं कॉलेज काढलं होतं, आणि त्यांच्या नावाची पाटी पुरात वाहून गेली ती गेलीच. शेठजींना ते फार लागलं होतं. "नाव वाहून गेलं म्हणजे बाप दुसऱ्यांदा गेला," असं त्यांनी मीटिंगमध्ये म्हटलं आणि सगळे मूग गिळून बसले. मीसुद्धा. रडवेल्या म्हाताऱ्या माणसाला प्रयोगशाळेचा नळ कसा सांगायचा?

तर कमान झाली, आणि तिच्या दोन्ही अंगांनी जागेभोवती पुरुषभर उंच भिंत, दादांच्या बागेकडे मात्र नुसतं तारेचं कुंपण. लाल दगड खास राजस्थानातून आला. वर मोठी महिरप, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नाव नीट वाचता यावं म्हणून महिरपीच्या खाली एक आडवी तुळई, तिच्यावर कोरलेली अक्षरं. उद्घाटन झालं, शाली झाल्या, नारळ झाले. दादा आले नाहीत. कमानीपलीकडे तेव्हा मोकळा माळ होता आणि त्यावर दोन शेळ्या चरत होत्या.

खोल्या नंतर झाल्या, घाईघाईत, पण झाल्या. ओटे बसले, नळ बसले, मोरी झाली. राहिलं पाणी. विज्ञान शाखेच्या बोअरची जागा प्राचार्यांनी पाणाड्याकडून काढून घेतली, तळहातावर नारळ ठेवून. मी पाठ फिरवून उभी राहिले. म्हटलं, मला काही बघायचं नाही. जागा ठरली प्रयोगशाळेच्या मागे. उन्हाळा तोंडावर आला होता, बोअर घेणाऱ्या गाड्या मिळत नव्हत्या. कशीबशी वाटूर फाट्याकडून एक मिळाली. ती यायची त्या दिवशी नेमकी तिथी होती, म्हणून आम्ही सगळे मोकळेच होतो. मुलं, मुली, प्राचार्य, शेठजी आपल्या गाडीत, असे सगळे माळावर जमलो. हार आणला होता.

गाडी आली, कमानीपाशी थांबली. ड्रायव्हर खाली उतरला, वर बघितलं, डोकं खाजवलं.

"जात न्हाई."

"जात न्हाई म्हंजे?" प्राचार्यांनी विचारलं.

"ह्यो आडवा बीम मधी येऊन राह्यला. हातभर कमी पडतंय. बीम काढा, न्हाईतर दुसऱ्या रस्त्यानं घ्या. जल्दी सांगा, पुढं परतूरला बोअर हाय. आज गेलो तर मंग महिनाभर न्हाई यायचो."

मी त्या तुळईकडे बघत राहिले. इंजिनियर होता, ठेकेदार होता, बांधकाम समिती होती, त्या समितीत मी होते. एवढ्या लोकांतून एकाच्याही डोक्यात आलं नाही की दारातून कधीतरी गाडी आत न्यावी लागेल. सगळ्यांनी नाव वाचून बघितलं होतं. गाडी कुणी मोजली नव्हती.

शेठजी गाडीतून उतरले, काठी टेकत आले. "बीमला हात लावायचा न्हाई," म्हणाले. आवाज चढवला नाही. "बापाचं नाव हाय. छिन्नी लावू देणार न्हाई. बिलकुल न्हाई."

दुसरा रस्ता एकच, दादांच्या बागेतून. मी तरातरा तिकडे गेले. दादा बांधावर उभे राहून सगळी गंमत बघत होते.

"दादा, तेवढं कुंपण उघडा. ओळींमधून गाडी जाईल."

"बाई, मोसंबीला आंबे बहाराची फुलं लागलीत. फांद्या मोडतील, फूल झडंल. अन् एक सांगू का? आमच्या आजोबानं जमीन दिली, तवा कमानीवर त्यांचं नाव घेतलं का कुणी? ज्याचं नाव हाय, त्याच्या दारातून न्या की गाडी."

फुलांचं त्यांचं बरोबर होतं. आजोबांचंही बरोबर होतं. शेठजींचंही त्यांच्या परीने बरोबर होतं. सगळ्यांचंच बरोबर असलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो, कारण मग भांडायचं कुणाशी? परत आले तर ड्रायव्हर गाडी चालू करत होता. माझा तोल गेला. शेठजींसमोर आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता, तो त्या दिवशी चढवला.

"शेठजी, पाटी पुरात गेली तेव्हा तिला शोधायला कुणी गेलं नाही. ही पोरगी मात्र गाळात उतरून सूक्ष्मदर्शक काढत होती. नाव पाटीवर राहत नाही हो! ही शिकली तर ती सांगेल कोणाच्या कॉलेजात शिकले. आज पाणी नाही लागलं तर ही घरी बसेल. मग वाचा तुम्ही आणि मी, कमानीखाली उभं राहून!"

मुलगी माझ्यामागे उभी होती आणि लाजेने मेल्यासारखी झाली होती. तिला मी असं चारचौघांत पुढे करायला नको होतं. शेठजींनी तिच्याकडे बघितलं. मग कमानीकडे, मग खाली रस्त्याकडे. मला वाटलं, विरघळले. आता म्हणतील, फोडा.

"बाई, तुमचं बराबर हाय," ते म्हणाले. "पाणी पाह्यजेच. बीमला हात न्हाई लावायचा. खाली खोदा."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी डोक्याला हात लावला. वरचं उतरत नाही, तर खालचा रस्ता उतरवायचा! गंमत म्हणजे हे सगळ्यांना एकदम पटलं. प्राचार्य म्हणाले, वा, शेठजी. ठेकेदार म्हणाला, अर्ध्या तासाचं काम. ड्रायव्हरने गाडी बंद केली. समोरच कुणाच्या तरी शेतात जेसीबी चालू होती, ती बोलावली. कमानीखालचा मुरूम हातभर खाली गेला, दोन्ही बाजूंना उतार केला, आणि गाडी तुळईखालून सुपारीएवढ्या फटीने आत सरकली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मला पाणी हवं होतं, बाकी कशाशी देणंघेणं नव्हतं.

संध्याकाळी पाणी लागलं. नारळवाल्या पाणाड्याने माझ्याकडे असं बघितलं, की मी मान खाली घातली.

आता कुणी म्हणेल, गाडी बाहेर गेल्यावर खड्डा बुजवायचा होता. हेच मी दुसऱ्या दिवशी म्हटलं. तिसऱ्या दिवशीही म्हटलं. त्यावर प्राचार्यांचं उत्तर, "मॅडम, उद्या बोअरमध्ये मोटर अडकली तर पुन्हा गाडी आणावी लागंल की." तेवढ्यात समिती येणार म्हणून धावपळ सुरू झाली आणि पाहुण्यांच्या गाड्यांना धूळ नको म्हणून त्या खड्ड्याला सिमेंट काँक्रीट करून टाकलं. गुळगुळीत, दोन्ही बाजूंनी उतार, मधे बशी. समितीच्या लोकांचा सत्कार त्या बशीतच झाला. एका सदस्याने वर बघून कमानीचं कौतुक केलं. मग प्रयोगशाळेत आले, नळ सोडायला सांगितला, पाणी आलं, त्यांनी मान डोलावली. प्रात्यक्षिक इथेच होणार असं ठरलं. मी मुलीला सांगितलं तेव्हा ती नुसती हसली, आणि ओटा पुसायला लागली. त्या दिवशी मला कुणाचाच राग आला नाही.

प्रात्यक्षिकाच्या आदल्या रात्री अवकाळी पाऊस कोसळला. सकाळी मी फाट्यावरून चालत आले आणि कमानीपाशी थांबले. माळाचं सगळं पाणी उतारांवरून त्या बशीत येऊन बसलं होतं. गुडघ्याच्या वर. पुराच्या भीतीने नदी सोडून आम्ही इतक्या लांब माळावर आलो, आणि स्वतःच्या दारात स्वतःच्या हाताने तळं बांधून घेतलं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडायला समोर कुणी नव्हतं.

बाहेरगावचे परीक्षक गाडीतून उतरून बूट हातात घेऊ की नको असा विचार करत उभे होते. प्राचार्यांनी दादांना फोन लावला. दादा ट्रॅक्टर घेऊन आले, परीक्षकांना आणि प्राचार्यांना ट्रॉलीत बसवून आत सोडून आले. जाताना कमानीवरचं नाव त्यांनी मोठ्याने वाचलं. दुसरी फेरी करायला ते थांबले नाहीत.

इतक्यात मोटरसायकलवरून ती मुलगी आली, वडिलांच्या मागे बसून. पावसाने एसटी आली नव्हती, म्हणून ते स्वतः घेऊन आले होते. त्यांनी गाडी उभी केली. पाण्याकडे बघितलं. वर कमानीकडे बघितलं. आजूबाजूच्या, कुठेही पाणी न साचलेल्या माळाकडे बघितलं.

"बाई, इथं तर नदी न्हाई. मंग हे पाणी कुठून आलं?"

मला वाटलं, हा माणूस आता गाडी वळवणार, आणि त्याचं काही चुकलं असं मलाही म्हणता येणार नाही. पण मुलगी उतरली, सलवार वर खोचली, चपला आणि नोंदवही डोक्यावर धरली आणि सरळ पाण्यात शिरली. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. वडील क्षणभर उभे राहिले, मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तिच्यामागे गेले. मग बाकीची पोरं गेली, मग मी.

आत गेलो तर वीज नव्हती. पावसाने तार पडली होती. वीज नाही म्हणून मोटर नाही, मोटर नाही म्हणून पाणी नाही. नळ सोडला तर त्याने एक उचकी दिली आणि गप्प झाला. ज्या नळासाठी मी झोप घालवली, शेठजींवर ओरडले, तो नळ! परीक्षक घड्याळ बघत म्हणाले, "पाण्याशिवाय प्रात्यक्षिक घेता येणार नाही, मॅडम. फार तर पुढची तारीख, जालन्याला."

मी काहीतरी बोलणार, तोवर मुलीचे वडील दारातून दिसेनासे झाले होते. थोड्या वेळाने आले ते दोन्ही हातांत बादल्या घेऊन. झाडांना पाणी घालायच्या, व्हरांड्यात पडलेल्या. कमानीखालच्या बशीतून भरून आणल्या होत्या. पाणी गढूळ, मुरमाच्या रंगाचं. मी माझी ओढणी चौघडी करून काचेच्या भांड्यावर धरली आणि ते गाळायला लागले. परीक्षक बघत राहिले, मग त्यांनीही भांडं पकडलं. पोरं ओट्यांपाशी उभी राहिली. मुलीने देठाचा काप घेतला, पातळ, हवा तसा. त्या पाण्याने धुतला, रंगवला, पुन्हा धुतला, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. परीक्षकांनी वाकून बघितलं आणि दुसऱ्या ओट्याकडे गेले. एवढ्यावरून मला कळलं, पास. वडील तोवर बादल्यांच्या फेऱ्या मारत होते, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

सगळं आटोपल्यावर ते व्हरांड्यात येऊन बसले, ओल्या पँटचे पाय पिळत. माफी मागावी असं वाटत होतं. वर्षभराच्या सुट्ट्यांची, कार्यालयाबाहेरच्या त्या पाटीची, त्या तळ्याची, सगळ्याचीच.

"बाई," तेच म्हणाले, "धाकटी अवंदा बारावीला हाय. तिला पण इथंच घालतो. काही का असंना, पाणी तरी हाय तुमच्याकडं."

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते अजिबात थट्टा करत नव्हते. मला हसू फुटलं, ते थांबेना, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं याचाही राग आला. मग ओढणीला डोळे पुसायला गेले तर ती मुरमाने लाल झालेली. तशीच त्यांच्याजवळ बसले आणि प्रवेश कधी सुरू होतात ते त्यांना सांगितलं.